राघो मुकादमाचा हात

ठाण्याच्या स्टेशनावर बॉयलर उतरला तेव्हा निम्मं गाव तो बघायला लोटलं आणि उरलेलं निम्मं राघो मुकादम तो कसा हलवतो ते बघायला. खाडीकाठी एका शेठजींनी लाकूड कापायची वाफेची गिरणी घातली होती आणि हे काळं लोखंडी धूड बैलांच्या जिवावर तिथवर न्यायचं होतं. असलं काम ठाण्यापासून कल्याणापर्यंत एकाच माणसाकडे जायचं. घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडत होते तेव्हापासून राघो अवजड माल हलवत आला होता. लोक म्हणायचे, राघोचा हात म्हणजे सरकारी गज. ऐकून ऐकून राघोलाही ते पटलं होतं, आणि तिथंच सगळं बिघडलं.

तयारी त्याने झकास केली, त्यात शंका नाही. कल्याणहून चार चाकांचा मोठा गाडा आणवला, आसांना वंगण दिलं, वाटेतल्या मोरीवर बाभळीचे ओंडके टाकले, खाली आलेल्या फांद्या छाटून घेतल्या. बॉयलर चढवल्यावर तो डुलू नये म्हणून गाड्याच्या दोन्ही अंगांना जाड वासे बांधले. मग वाशापासून वाशापर्यंत रुंदी मोजली. सहा हात भरली. मोजली अर्थात उजव्या हाताने. नव्या कामाच्या मुहूर्ताला डावा हात कोण लावतो?

आता या उजव्या हाताचं सांगायला हवं. मागच्या वर्षी कल्याणला एक घडीव दगड उतरवताना राघोची मधली तीन बोटं खाली सापडली आणि वरची पेरं गेली. जखम भरली, राघो पुन्हा कामाला लागला. तो हात सगळ्यांना दिसायचा, पण त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. दगडू गाडीवानाने एकदा नुसतं विचारलं होतं, दुखतं का म्हणून, तर राघोने त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. तेव्हापासून राघो हात वर करायचा तेव्हा माणसं बैलांकडे बघायला शिकली.

गाडा जाणार होता ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या आळीतून. दुसरी वाट मिठागराच्या बांधावरून होती, पण तिथं चाकं आसापर्यंत रुतली असती. आळीत अडचणीची जागा एकच होती: एका बाजूला विहिरीचा कठडा आणि समोर फेलिशियाबाईचा ओटा. तेवढी वाट मोजून ठेवायला राघोने फेलिशियाच्या पुतण्याला, लिओला, सांगितलं होतं. लिओ ताडमाड गडी. त्याच्या हाताने वाट भरली साडेपाच. सहा हातांचा गाडा साडेपाच हातांतून जात नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. विहीर गावाची, तिला हात लावता येत नव्हता. म्हणजे ओटा जायचा.

तो ओटा फेलिशियाच्या नवऱ्याने, सिल्वेस्टरने, शिंपल्यांचा चुना भाजून स्वतः बांधला होता. शेवटच्या आजारपणात तो दिवसभर तिथंच बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायचा. आता इस्टर झाल्यावर एमाचं, त्यांच्या लेकीचं, लग्न होतं आणि गाणी म्हणणाऱ्या बायका त्याच ओट्यावर बसणार होत्या. फेलिशियाने हे सगळं राघोला सांगितलं, पण ओटा तोडू नका असं काही ती म्हणाली नाही. फक्त विचारलं, की दुसऱ्या कुणाच्या हाताने गाडा एकदा मोजून बघता येईल का. शेठजींच्या कारकुनानेही तेवढ्यात खिशातून मापाची फीत काढली. राघोला मिरच्या झोंबल्या.

"माझ्या हातावर भरवसा नसंल तर तसं सांगा, फेलिशियाबाय. गाडा इथनंच माघारी नेतो."

कारकुनाने फीत गुंडाळून खिशात टाकली. फेलिशियाने राघोच्या तोंडाकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"नाय, मुकादम," ती म्हणाली. "तोडा."

पहारी चालल्या. चुना असा पक्का होता, की तोडणाऱ्यांना घाम फुटला. एमा घरात निघून गेली, फेलिशिया दारातच उभी राहिली. मग बैल जुंपले, राघोने आरोळी दिली आणि गाडा आळीत शिरला. विहिरीचा कठडा आणि समोरची ओट्याची जागा आली, आणि वासा ओट्याच्या जुन्या कडेपासून इतका लांबून गेला की चालणाऱ्या सगळ्यांच्याच नजरेत भरलं.

"मुकादम," दगडू म्हणाला, "ओटा ऱ्हायला असता तरी गाडा निघाला असता की."

झालं, गाडीवानांना विषय मिळाला. वाट कुणी मोजली? लिओने. सख्ख्या काकीचा ओटा पाडला म्हणून त्यांनी त्याला येता-जाता सोलून काढलं. लिओने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, काकीकडे पाहिलं आणि मिटलं. राघोने तेवढ्यावर थांबावं की नाही? पण मुकादमपणा अंगात भिनलेला. चालता चालता तो म्हणाला, "मापाला लक्ष लागतं, लिओ."

गिरणीत बॉयलर सुखरूप उतरला. शेठजींनी सगळ्यांसमोर राघोला नवं पागोटं बांधलं. बैल पाण्यावर गेले, माणसं भाकरी सोडायला बसली, आणि रिकाम्या गाड्याजवळ राघो एकटाच उरला. दगडूचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि वाशांवरून डावा हात टाकत गेला. साडेपाच. पुन्हा टाकला. साडेपाचच. मग त्याने दोन्ही कोपर वाशावर शेजारी शेजारी टेकवले आणि हात सरळ केले. उजवा अलीकडेच संपला. आखूड हाताने साडेपाचाचे सहा केले होते, आणि ताडमाड लिओचे साडेपाच तर त्याहूनही लांब.

त्याच्या कानांतून वाफा निघाल्या. ओटा आठवला, लिओचं मिटलेलं तोंड आठवलं, आणि आपलंच ते वाक्य आठवून तर त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पागोट्याचा भार डोक्याला सोसेना. कुणाला न सांगता तो एकटाच परत निघाला, तोही मिठागराच्या बांधाने, म्हणजे आळी लागायला नको. अर्ध्या बांधावर त्याचं मन त्याला खायला लागलं. तो वळला.

फेलिशिया आणि लिओ ओट्याचे दगड भिंतीशी रचत होते. राघोने पागोटं काढून काखेत धरलं.

"फेलिशियाबाय, लिओचं माप बरोबर होतं. माझा हात आखूड."

"ठाव हाय मना," ती म्हणाली. तिने दगड खाली ठेवला. "तुमी ओट्याचा सांगाया आलते तवाच हात दिसला. लिओलाही मीच गप केला."

"मग बोलला का नाही?"

"कशी बोलू, मुकादम? बोटं गेलेल्या हाताला बोट कसा दाखवू?"

राघोला वर बघवेना. या बाईने त्याच्या हाताचं नाव काढायला नको म्हणून नवऱ्याचा ओटा फोडू दिला होता. शिव्या दिल्या असत्या तर त्या त्याने खाल्ल्या असत्या. हे गिळता येत नव्हतं.

तेवढ्यात रिकामा गाडा आळीत आला. लिओला बघून एका गाडीवानाने पुन्हा काहीतरी टोमणा मारला आणि बाकीचे हसले. लिओ वाकून दगड उचलत राहिला. राघो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याने उजवा हात वर केला. गाडा थांबला.

"माप माझं चुकलं," तो म्हणाला. "लिओचं नाही. हा हात बघा."

कुणी बघेना. दगडूने बैलाच्या पाठीवर हात फिरवला, दुसऱ्याने चाकाकडे मान वळवली. वर्षभरात राघोनेच त्यांना तसं शिकवलं होतं. त्याने हात आणखी वर नेला.

"अरे, बघा की."

तेव्हा कुठे एकेकाने नजर वर उचलली. सगळ्यांचं बघून होईपर्यंत राघोने हात खाली घेतला नाही. मग तो लिओकडे वळला आणि म्हणाला, "नवा ओटा तू मोज. दगड मी उचलतो."