चिकटलेला चमचा

चमचा चिमीच्या दंडाला चिकटला आणि त्या लांबट खोलीतली शिलाईची सगळी मशिनं एकदम थांबली.

"बघा, नीट बघा! मी हात लावलाय? धागा आहे? गोंद आहे? मग हा चमचा धरलाय कुणी?" चमचा लावणारा माणूस गर्दीला विचारत होता.

शिवणाऱ्या बायका टेबलांवरून वाकल्या होत्या, शेजारच्या छापखान्यातली माणसं दारात दाटीवाटीनं उभी होती आणि झाडून सगळ्यांचे मोबाइल शूटिंगसाठी वर झाले होते. मधल्या स्टुलावर माझी भाची चिमी बसली होती. भेदरलेली, घामानं डबडबलेली. ती आपल्याच दंडाकडे असं बघत होती की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मला तिचं ते बघणं सहन होईना.

हा चमचेवाला स्वतःला 'चुंबकतज्ज्ञ' म्हणवायचा. गेल्या वर्षापर्यंत मोबाइलची कव्हरं विकत होता. मध्येच कधी तज्ज्ञ झाला, देव जाणे. त्याचं म्हणणं असं, की सरकारी दवाखान्यातल्या नव्या इंजेक्शनातून अंगात चिप सोडतात. चिप म्हणजे चुंबक, आणि चुंबक म्हणून चमचा चिकटतो. "नाहीतर तुमचा मोबाइल नंबर कशाला लिहून घेतात हो?" एवढं विचारलं की लोक माना डोलवायचे. पुढच्या इंजेक्शनची आठवण करणारा मेसेज पाठवायला नंबर घेतात, हे दवाखान्याच्या दारावर लिहिलंय. पण दारावरचं वाचतो कोण? मोबाइलवर आलेलं मात्र सगळे वाचतात.

चिमीला इंजेक्शन चालू होतं ते कुत्रं चावल्याचं. त्या कुत्र्यानं तिची पोटरी धरली तेव्हा ताईच्या या शिलाई कारखान्याचे वॉचमनकाका धावले. त्यांनी तिला सोडवलं, पण कुत्र्यानं त्यांचंही मनगट फोडलं. दोघांची इंजेक्शनं बरोबरच सुरू झाली होती. आज तिसरं होतं. म्हणूनच मी शाळेतून परस्पर तिला न्यायला आलो, तर इथे हा तमाशा.

तज्ज्ञानं पिशवीतून पांढरी पूड काढली. "ही शोषक पूड. नॅनो आहे. चिपची फ्रिक्वेन्सी पिऊन टाकते." त्यानं चमचा काढून ती चिमीच्या दंडावर चोळली आणि चमचा पुन्हा टेकवला. चमचा खणकन खाली पडला.

"निघाली!" टाळ्या पडल्या. "आता पुन्हा सुई टोचून घ्यायची नाही. घेतलीत तर मी जबाबदार नाही."

हा जबाबदार कशाला होता, हेच मला कळेना.

"माझी कालच काढली यांनी," वॉचमनकाका दारातून म्हणाले. त्यांच्या खांद्याला पिशवी होती. "अगदी हलकं वाटतंय बघा. चाललो आता लेकीकडे."

"काका, थांबा! इंजेक्शनं अर्धवट सोडू नका. रेबीज झाला की डॉक्टरही काही करू शकत नाहीत हो. माणूस जातो!"

"मास्तर, तुम्ही शिकवता ते पुस्तकातलं," ते हसून म्हणाले. चिमीच्या डोक्यावर हात ठेवून ते गर्दीतून बाहेर पडले. मी त्यांच्यामागे निघणार तेवढ्यात ताईनं, चिमीच्या आईनं, माझा दंड धरला.

"माझ्या गिऱ्हाइकांसमोर आरडाओरडा करू नकोस. चिमी येणार नाही."

"ताई, अगं जिवाशी खेळ आहे हा!"

"मला घाबरवू नकोस! आधीच रात्र रात्र झोप नाही मला. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. आणि हे बघ, मी नाही टोचून घेतलं, मला चिकटतो का बघ!" तिनं चमचा उचलून स्वतःच्या हातावर दाबला. तो पडला.

"सिद्ध झालं!" तज्ज्ञ ओरडला.

माझं लक्ष मात्र ताईच्या हाताकडे गेलं. सकाळपासून ती कापडावर मापाच्या खुणा करत होती. हात कोपरापर्यंत खडूच्या भुकटीनं पांढरा झाला होता.

"ताई, हात धुऊन ये."

"कशाला?"

"धू तर खरी. तुझं खरं निघालं तर मी पुन्हा इंजेक्शनाचं नाव काढणार नाही."

ती तणतणत गेली, हात धुऊन पुसून आली. खोलीत इस्त्रीची वाफ कोंडलेली. बोलता बोलता तिच्या हातावर पुन्हा घाम आला. मी चमचा टेकवला.

चिकटला.

"तुला कधी टोचलं गं?" मी विचारलं.

मी डब्यातलं प्लॅस्टिकचं बटण घेऊन माझ्या घामट कपाळावर लावलं. तेही चिकटलं. एक मुलगी फिसकन हसली. "प्लॅस्टिकला चुंबक ओढतं का?" मी म्हणालो. मग खडूची भुकटी चिमटीत घेऊन ताईच्या हातावर चोळली आणि चमचा परत टेकवला. तो पडला. "ही घ्या नॅनो पूड! घामट कातडीला गुळगुळीत वस्तू चिकटते. कातडी कोरडी केली की सुटते. त्याच्या पुडीनं तेवढंच केलं."

सांडलेल्या टाचण्या गोळा करायला कारखान्यात एक लोहचुंबक होतं. ताईनं ते स्वतःच उचललं. आधी टाचण्यांच्या डबीत धरलं, टाचण्यांचा घोस लटकला. मग तज्ज्ञाच्या त्या चमच्याला लावलं. सोडल्याबरोबर चमचा टेबलावर आपटला.

"खऱ्या चुंबकालाही चिकटत नाही हा," ती हळूच म्हणाली. मग आवाज चढला. "पोरीच्या जिवावर उठला होतास रे तू!"

"इथे निगेटिव्ह फ्रिक्वेन्सी फार आहे," असं पुटपुटत तज्ज्ञ पिशवी आवळून सटकला. छापखान्यातला एक जण जाताजाता म्हणालाच, "तरी पण काहीतरी असेल हो. उगाच कोण बोलेल?"

चिमीला तासाभरात तिसरं इंजेक्शन मिळालं. सुई टोचली तेव्हा ताई तिचा हात धरून रडत होती. चिमी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मामा, काकांचं?"

मी तेव्हाच फोन लावला होता. बंद. त्यानंतर रोज लावतोय. मोबाइलवरून चिपचा माग लागतो म्हणून तज्ज्ञानंच त्यांना सिमकार्ड काढून फेकायला लावलं, हे नंतर कळलं. त्यांची लेक कुठल्या शहरात राहते, ते कारखान्यात कुणालाच माहीत नाही. एवढी वर्षं रोज त्यांच्या हातून फाटक उघडून घेतलं आम्ही, आणि हे कधी कुणी विचारलं नाही.

चिमीच्या दंडाला चमचा चिकटल्याचा व्हिडिओ मात्र सगळीकडे फिरतोय. खऱ्या चुंबकावरूनही चमचा पडला, त्याचं शूटिंग कुणीच घेतलं नव्हतं. मला दोन अनोळखी माणसांनी तो पाठवला, 'डोळे उघडा' असं वर लिहून. तुमच्याकडेही येईल. आला की आधी स्वतःच्या घामट हाताला चमचा लावून बघा, मग पावडर चोळून बघा. फुकटात होतं, दोन मिनिटांचं काम आहे. डोळ्यांना दिसलं ते खरंच असतं, पण ते कशामुळे दिसलं हे विचारायला हवं.

आणि तुमच्या शेजारी कुणा लेकीकडे एक म्हातारे गृहस्थ राहायला आले असतील, उजव्या मनगटावर चाव्याची ताजी खूण असेल, एका पोरीला कुत्र्यापासून कसं सोडवलं ते कौतुकानं सांगत असतील, तर वाद घालत बसू नका. त्यांना हाताला धरून आजच्या आज दवाखान्यात न्या. म्हणावं, चिमी विचारतेय.