मंडळीच्या टेबलावरचा ट्रे

मी ओव्हनमध्ये ठेवायचा काचेचा ट्रे बोलतोय. भांड्याला कसलं आलंय मन, असं म्हणाल. पण अमेरिकेत, आयोवातल्या एका पत्रकार बाईच्या ओट्यावर तेवीस वर्षं काढून बघा, मग बोला.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. ग्रेटा व्हीनस्ट्राच्या लग्नात तिच्या सासूबाईंनी मला तिच्या हाती दिलं, तिथपासूनचं आठवतं. त्यांनी माझ्या बुडाला चिकटपट्टी लावून वर आडनाव लिहिलं. "चर्चमध्ये नेशील तर घरी परत यायला हवा ना," म्हणाल्या.

दर रविवारी उपासना झाली की चर्चच्या तळघरात सगळ्या मंडळीचं, म्हणजे उपासनेला येणाऱ्या घरांचं, जेवण. प्रत्येक घरातून एक पदार्थ. माझ्यात बटाटे, साय, चीज आणि वर लोण्यात परतलेले मक्याचे पोहे. रांगेतल्या शेवटच्या माणसाला माझा तळ खरवडावा लागायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

ग्रेटा गावच्या साप्ताहिकात श्रद्धा आणि राजकारण यांवर सदर लिहिते. लिहिते माझ्याशेजारीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. बाई महाखडूस. पाद्रींनी प्रवचनात साधा आकडा सांगितला तरी सोमवारी फोन करणार, "हा कुठून आणलात?" पण कुणी उपासनेत उभं राहून, देवाने आपल्याला कसं सावरलं याची साक्ष दिली, की तिला पुरावा मागायचा नसतो. ते आमच्यात बसतच नाही. तिथेच ती घसरली.

कॉर्नेल हाऊटमन हा मंडळीतला मानाचा माणूस. काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, निवडणुकीला उभा होता. काही वर्षांपूर्वीच्या पुरात उडी मारून आपण एका मुलीला वाचवलं आणि त्याच पाण्यात आपल्याला देव भेटला, अशी त्याने साक्ष दिली. ग्रेटाने ती जशीच्या तशी छापली. वाचून गाव रडलं.

दुसऱ्या दिवशी रेमेडिओस दारात. मांसाच्या कारखान्यात काम करणारी बाई. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"उडी माझ्या भावानं मारली, बाई. एलिसेओनं. तुमचे हाऊटमन काठावर दोर धरून उभे होते."

"तो स्वतः बोलेल का माझ्याशी?"

"मागच्या हिवाळ्यात गेला तो. असता तरी म्हणाला असता, जाऊ दे ताई. मला नाही जाऊ देता येत."

ग्रेटाने अग्निशमन दलाची जुनी वही काढून पाहिली. नाव एलिसेओचंच होतं. मग कॉर्नेलला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "दोर मीच धरला होता ना? त्याशिवाय तो वर आला असता?"

तिने फोन ठेवला आणि ओट्यापासून दारापर्यंत येरझारा सुरू केल्या. एकदा मला धुतलं, मग विसरून पुन्हा धुतलं.

"मतदान आठ दिवसांवर आलंय. नंतर छाप," नवरा डर्क म्हणाला.

"नंतर कोण वाचतंय?"

"अगं, आपल्याच माणसाचे पाय ओढले म्हणतील. आयुष्य काढायचंय इथे."

"चूक माझीच आहे, डर्क. एक फोन करायचा होता, तो केला नाही मी."

तिने छापलं: 'मी विचारलं नाही, आणि एका मेलेल्या माणसाचं धाडस दुसऱ्याच्या नावावर करून टाकलं.'

त्या रविवारी मी भरलेला गेलो आणि भरलेलाच परत आलो. चमचे माझ्याजवळ यायचे आणि शेजारच्या कोशिंबिरीकडे वळायचे. "आज भूकच नाही गं," म्हणणाऱ्यांनी केकचे दोन-दोन तुकडे घेतले. कॉर्नेल निवडूनही आला. पुढचे दोन रविवार तेच. डर्क बिचारा बुधवारपर्यंत बटाटे खायचा. मला लाज वाटायची, आणि त्या लाजेचा रागही यायचा.

चौथ्या रविवारी कॉर्नेलची बायको विल्मा माझ्यापुढे थांबली. तिने कोपऱ्यातून मोठा चमचाभर घेतलं, तिथेच उभ्याने एक घास खाल्ला.

"मीठ कमी पडलंय, ग्रेटा," एवढंच म्हणाली आणि नवऱ्याशेजारी जाऊन बसली. त्याने ताटातून मान वर केली नाही. विल्माने मात्र आपलं ताट संपवलं.

तिच्यामागून कुणीच घेतलं नाही. एका कोपऱ्यात रिकामा होऊन मी घरी आलो. ग्रेटा त्या कोपऱ्याकडे पाहत कोट न काढता बसून राहिली. मग रडली.

लोकहो, मी काचेचा, मला अक्कल ती किती. पण खरं बोलणाऱ्यावर चिडायचं तर खुशाल चिडा, भांडा, तोंडावर चार शब्द सुनावा. ताट मात्र फिरवू नका. खरं बोलणं हा काही हातचं अन्न नाकारण्याइतका मोठा गुन्हा नव्हे.

आज शनिवार आहे. ग्रेटा बटाटे सोलतेय.

"निम्मंच कर या वेळी," डर्क म्हणाला.

ग्रेटाने मिठाची चिमूट वाढवली आणि मला काठोकाठ भरलं.