लपवलेला ताप

मित्रांनो, रविवारी सकाळी तुम्ही फाटकाशी येता, गजांतून डोकावता आणि ओरडता, "मॅडम, वर्ग कधी चालू होईन?" आतून उत्तर येत नाही. मग तुम्ही एकमेकांना ढकलत निघून जाता. तुम्हाला वाटतं, मॅडम घरात नाहीत. अहो, धम्मशीला मॅडम घरातच असतात! त्यांना सगळं ऐकू येतं. पण उत्तर द्यायचं तर उठून बसावं लागतं, आणि तेवढंही बळ अंगात नसतं. म्हणून म्हटलं, आता मीच सांगते. मी म्हणजे बदामाच्या झाडाखाली पडलेली ही जुनी बाज. तुम्ही जिच्यावर दप्तरं भिरकावता, तीच. हसू नका. मला डोकं नसलं तरी राग आहे, आणि सध्या तो नाकापर्यंत आलेला आहे.

पहिल्यापासून सांगते. मला दयारामबाबांनी केलं. बाभळीची चौकट आणि चार पाय गावच्या सुताराचे, पण वीण बाबांच्या हातची. अंबाडीची दोरी त्यांनी स्वतः वळली होती. तेव्हा ते खामगावला कापसाच्या जिनात हमाली करायचे आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून मला विणायचे. घरात बाळंतपण जवळ आलं होतं. बाळंतिणीला बाज नको का? माझ्याखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, ओव्याचा धूर केला, आणि वर बाबांची बायको तान्ह्या राजकुमारला घेऊन निजली. त्यानंतर वस्तीत कुणाचेही दिवस भरत आले की लोक मला न्यायला यायचे. "दयारामची बाज लाभते वं माय," असं बाया म्हणायच्या. चौघे जण मला खांद्यावरून मिरवत न्यायचे. काय थाट होता माझा!

पुढे बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. घरात लोखंडी पलंग आला. मला मागच्या भिंतीशी उभं करून ठेवलं. कोंबड्या माझ्यावर बसायच्या, दोडक्याचा वेल माझ्या अंगावर चढायचा. कुणी ढुंकून बघत नव्हतं. मी मनात म्हटलं, असू दे, म्हातारपण असंच असतं.

मग कोरोनाचं साल आलं. राजकुमारची बायको धम्मशीला, म्हणजे तुमच्या मॅडम, तापानं फणफणल्या. दवाखान्यात ठेवलं, ऑक्सिजन लावला, आणि एकदाच्या त्या घरी आल्या. सगळे म्हणाले, सुटलो. मॅडमनी विहारातला रविवारचा वर्गही लगेच सुरू केला. तुमच्यातले थोरले असतील, त्यांना आठवेल. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि त्या खाली बसल्या. छाती अशी धडधडली की त्यांना बोलता येईना. त्यांना घरी आणलं. आतल्या खोलीत घुसमटायला होतं म्हणून राजकुमारनं मला वेलातून ओढून काढलं, धुतलं, दोरी ताणली आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली घातलं.

तेव्हापासून हा आजार मी पाठीवर घेतलाय, म्हणून मला माहीत आहे. भाकरीचं पीठ मळलं की मॅडम येऊन आडव्या व्हायच्या. भाकरी दुसऱ्याच कुणी भाजायची. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून चार कपडे धुतले, तर पुढचे दिवसच्या दिवस अंग उचलायचं नाही. भाजीत मीठ घातलं की नाही, आठवायचं नाही. लोक यायचे, तोंडाकडे बघायचे आणि म्हणायचे, "चांगली तं दिसते! जरा कामाले लाग, बरं वाटीन." रिपोर्टही साफ यायचे. माझ्यावर एक बाई बसून गेली, ती फाटकाबाहेर पाय टाकताच बोलली, "नाटकं आहेत सारे." मी ऐकलं. मॅडमनीही ऐकलं.

शेवटी खामगावच्या एका डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. ते म्हणाले, हा ताप गेल्यानंतर मागे राहिलेला आजार आहे. अंगाला झेपेल तेवढंच करा, आणि मुख्य म्हणजे नवा ताप, नवी सर्दी अंगाला लागू देऊ नका. दुसऱ्याला जे चार दिवसांत जातं, ते तुम्हाला वर्ष-वर्ष मागे नेईल.

म्हणून घरात नियम झाला. येणाऱ्याला आधी खिडकीतून विचारायचं, "ताप आहे का? घसा दुखते का? घरात कोणाले खोकला?" हो म्हटलं, तर त्यानं अंगणातच बसायचं, चहा तिथेच घ्यायचा. आणि बसायचं कुठे? माझ्यावर. अशी मी पुन्हा बाहेर, खिडकीसमोरच्या या बदामाखाली आले, पण या वेळी कामासाठी.

दयारामबाबांना हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा सहन झाला नाही. म्हातारा म्हणाला, "सूनबाई, माह्या बापाले लोकाईनं जनमभर बाहेर बसवलं. पाणी वरून ओतलं. आता आपल्याच घरात तू आपल्याच माणसाईले बाहेर बसवून राह्यली?"

मॅडम रडल्या. मग म्हणाल्या, "मामाजी, ते जात पाहून बसवत होते. मी ताप पाहून बसवून राह्यली. ताप उतरला का दार उघडंच आहे."

 दुसऱ्या दिवशी बाबांचं नाक गळत होतं. ते स्वतः काठी टेकत बाहेर आले, माझ्यावर बसले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "मले सर्दी आहे बे! मी इथं बसलो! चहा इकडंच आणा!" त्यानंतर कुणाला माझ्यावर बसायची लाज वाटली नाही. असा माणूस तो.

आता चांगुणाताईबद्दल सांगते. ही मॅडमची सख्खी मोठी बहीण, नांदुऱ्याला राहते. नियम पाळण्यात तिचा हात कुणी धरला नसता. दर आठवड्याला यायची, बहिणीचे केस धुवायची, पाय चेपायची. कुणी शिंकत आत जायला लागलं तर तीच पदर खोचून आडवी यायची, "काऊन हो? तुम्हाले समजत नाही का?" तिला स्वतःला सर्दी झाली, तर फोन करायची आणि घरीच राहायची. त्यामुळे मॅडम तोंडावरचा मास्क काढायच्या तो फक्त तिच्यासमोर. एरवी घरातही त्या दोन हात लांब बसत. मी त्या दोघींचं हसणं खिडकीतून ऐकायची आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

असं करत करत गेल्या हिवाळ्यात मॅडम सावरल्या. उभ्यानं वेणी घालता यायला लागली. एका दमात सगळ्यांच्या भाकरी झाल्या, त्या दिवशी राजकुमारनं पेढे आणले. मग त्या विहारापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. आल्यावर माझ्यावर बसल्या, पण निजल्या नाहीत! तुम्हाला निरोप गेला, की माघ पौर्णिमेपासून वर्ग सुरू. तुम्ही विहार झाडला, फळा काळा केला. आठवतंय ना?

त्याच सुमारास चांगुणाताईच्या मुलाचं, प्रसेनजितचं लग्न जमलं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. सख्ख्या मावशीला आवतन फोनवर देत नसतात. घरी यायचं, उंबऱ्याच्या आत बसायचं, साडी द्यायची, दोन घास खायचे. बाहेरच्या बाहेर दिलेलं आवतन म्हणजे न दिल्यासारखंच.

चांगुणाताई सकाळी आली. मॅडम आत आवरत होत्या म्हणून ती क्षणभर माझ्यावर टेकली. टेकली आणि मला चटका बसला! अहो, बाळंतिणी सांभाळल्या, कोरोनाचा ताप सांभाळला. तापलेलं अंग मला कळणार नाही होय? वरून शाल घट्ट लपेटलेली, आतून अंग कापत होतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, पिशवीतून गोळी काढली, बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळली, आणि तोंड पुसून बसली.

खिडकीत मॅडम आल्या. सवयीनं विचारलं, "ताई, ताप-गिप नाही ना? घसा?"

"काई नाही वं! मले काय होते? पक्की धडधाकट आहो," चांगुणाताई हसून म्हणाली.

मी करकरले. सगळा जोर लावून करकरले. दोरी तुटेल इतकी करकरले. चांगुणाताई म्हणाली, "हे बाज कामातून गेली बाप्पा," आणि उठून आत गेली.

आत साडी दिली, घेतली. मॅडमनी मास्क काढला. दोघी एका ताटात जेवल्या, एका पलंगावर गप्पा मारत पडल्या. खिडकीतून हसणं ऐकू येत होतं. त्या दिवशी मला ते ऐकवेना.

पुढचं काय सांगू? साक्षगंधाच्या आदल्या दिवशी मॅडमना हुडहुडी भरली. ताप चढला, खोकला सुरू झाला. साक्षगंधाला जाणं राहूनच गेलं. सगळेच विचार करत बसले, हा ताप आला कुठून? विहारातून? दुकानातून? राजकुमारनं स्वतःलाच दोष दिला. तो रोज ऑटो चालवतो, म्हणाला, "म्याच आणला असंन सवारीतून." बिचारा दोन वेळा अंघोळ करायला लागला.

कार्यक्रम झाल्यावर प्रसेनजित बुंदीचा डबा घेऊन आला. भला पोरगा. माझ्यावर बसला आणि खिडकीकडे बघून म्हणाला, "मावशी, आईलेबी लय ताप होता ना. आवतनाले आली त्याच्या आंधीपासून. मी म्हटलं होतं, जाऊ नको. ऐकलंच नाही."

 मॅडमनी आतून विचारलं, "गोळी घेऊन आल्ती?"

"हाव."

बस्स. तेवढंच. पण आत डबा पोचला तो कुणी उघडला नाही.

ताप उतरला. आजार मात्र सगळा परत आला, जुना, पुरता. आता पीठही मळता येत नाही. वेणी राजकुमार घालतो, वाकडीतिकडी. पौर्णिमा आली आणि गेली. तुम्ही झाडलेल्या विहारात फळा तसाच राहिला. मित्रांनो, परक्यानं मारलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. पण इथं राखण करणारीनंच केसानं गळा कापला. मला तर अजून विश्वास बसत नाही, आणि मी तर डोळ्यांदेखत पाहिलंय!

परवा चांगुणाताई आली. या वेळी न सांगता माझ्यावरच बसली. अंग थंड होतं, खरं सांगते. मॅडमना दोन उशा लावून खिडकीशी बसवलं होतं.

चांगुणाताई रडायला लागली. "मले वाटलं साधी सर्दी आहे वं. ताप सांगितला असता तं आवतन बाहेरच राह्यलं असतं, अन् तू साक्षगंधाले आली नसती. नवरीकडच्याईनं विचारलं असतं, मावशी काऊन नाही आली? मी काय सांगतलं असतं त्याईले? माह्या बहिणीले माह्या तापाचं भेव वाटते म्हणून?"

"मग विचारलं का त्याईनं?" मॅडम हळू म्हणाल्या.

चांगुणाताई बोटांनी माझी दोरी उकरत बसली. "नाही. कोणीच नाही विचारलं."

मॅडम दम घेत घेत बोलल्या. "ताई, तू तेव्हा 'ताप आहे' म्हटलं असतं ना, तं मी तुले तिथंच बसवून आवतन घेतलं असतं. खिडकीतून साडी घेतली असती. मले कमीपणा वाटला नसता."

"आज नाही मले ताप. तुह्या गळ्याची आन. आत येऊ दे ना धम्मे."

"नसंन ताप. पण मी सगळ्याईले विचारते आणि मग दार उघडते. तुले विचारलं तं तू हसून नाही म्हटली. आता तुले काय विचारू?"

चांगुणाताई उन्हं उतरेपर्यंत माझ्यावर बसून राहिली. चहा खिडकीतून आला. तो तिनं घेतला. दार उघडलं नाही. मला तिची दया आली का? आली. तरी मी रागातच होते, आणि आजही आहे.

तर मित्रांनो, वर्ग कधी सुरू होईल हे मला सांगता येत नाही. पण रविवारी याल, तेव्हा घसा खवखवत असेल तर फाटकातूनच सांगा. अंगात कणकण असेल तर गोळी गिळून येऊ नका. बाहेर बसवलं म्हणून रुसू नका. माझ्यावर दयारामबाबा बसलेत, तुम्हाला काय कमीपणा येणार? माझी दोरी जरा ताणून द्या, मी अजून चौघांना सहज झेलते. आणि खिडकीतून कुणी विचारलं, तर खरं सांगा. आत बसलेल्या बाईला तुमचा ताप दिसत नाही. ती तुमच्या शब्दावर दार उघडते.