सात टिपके

नोंदवही इतकी स्वच्छ होती की यास्मीनचा तिच्यावर विश्वास बसेना.

अमरावती–अकोला शटल चालवणाऱ्या मंडळात ती सुरक्षा तपासनीस होती. गेल्या गुरुवारी सकाळी शटलचा एक डबा एक्केचाळिसाव्या किलोमीटरपाशी रुळावरून घसरला. अकरा प्रवासी जखमी झाले, एका शिक्षिकेचा हात मोडला. दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी तुटलेली सापडली. अशी पट्टी एका दिवसात तुटत नाही. आधी तडा जातो, मग तो वाढत जातो. आणि तिथले रूळ रोज पायी तपासणाऱ्या नत्थुजी तायड्यांच्या नावापुढे अख्ख्या डिसेंबरभर एकच शेरा होता : सर्व ठीक.

"माणूस वाईट नाही," अकोल्याचे विभागप्रमुख वामनराव गावंडे चहाचा कप तिच्याकडे सरकवत म्हणाले. "पण वय झालं. घरी बसूनच ठीक म्हणत असंल. संध्याकाळपर्यंत लिहून टाका, मॅडम. फार खोलात जाऊ नका."

अहवालात दोष लागला तर नत्थुजींची चौतीस वर्षांची नोकरी निवृत्तीला चार महिने उरले असताना जाणार होती. तरी यास्मीनलाही संशय त्यांचाच होता. म्हणून तिने मुद्दाम अडतिसाव्या किलोमीटरपाशी जीप सोडली आणि त्यांना चालायला लावले. माणूस खरोखर रोज चालतो की नाही, हे पायांवरून कळते.

नत्थुजी तिच्या पुढे निघून गेले. प्रत्येक सांध्यावर हातोडी मारायची, कान तिरका करून आवाज ऐकायचा, पुढे व्हायचे. हे आपल्याला दाखवण्यासाठी तर नसेल, असे तिच्या मनात येऊन गेले.

"रोज असंच ठोकता?"

"रोज. आज तुमी संग हाय म्हनून हळू चालून राहिलो."

"मग तडा कसा दिसला नाही?"

नत्थुजी थांबले. "कोन म्हनते नाई दिसला?"

एक्केचाळिसाव्या किलोमीटरच्या त्या सांध्यापाशी ते उकिडवे बसले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने रुळाची बाजू पुसली. नव्या पट्टीच्या वीतभर अलीकडे पांढऱ्या ऑइलपेंटचे सात टिपके एका ओळीत होते.

"ज्या दिवशी गावंडेसायबाले फोन केला, त्या दिवशी एक टिपका. सात खेप सांगतलं."

"लाल झेंडी लावून गाडी थांबवता आली असती ना?"

"दिवाळीत थांबवली होती एक. बारा मिनिटं लेट झाली. मंग गावंडेसायबाचा मेमो भेटला, काहून थांबवली म्हनून. त्याच्यानंतर हात उचलत नाई, मॅडम. चूक झाली माही. त्या बाईचा हात मोडला, ते मले झोपू देत नाई."

"टिपके काल येऊनही काढता येतात," यास्मीन बोलून गेली.

नत्थुजींना राग आला नाही. "येतात ना. शक घेनं तुमचं कामच हाय. पन घ्याचा तं कागदावरई घ्या."

तिने मोबाइलमध्ये काढलेले वहीचे पान त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा लावला, बोट एकेका तारखेवरून खाली नेले आणि एका जागी थांबवले.

"सोळा तारीख, सर्व ठीक. बाप्पा! सोळाले तं मी अंजनगावले होतो, साळ्याच्या पोरीच्या लग्नात. माह्या जागी कोनी आलंच नाई. मंग रूळ कोनं पायले?"

"सही तुमचीच आहे."

"सही माहीच. सोमवारी अकोल्याले जातो, तं हप्त्याचं पान लिहूनच ठेवलेलं राह्यते. आमी सारेच तिथं सह्या करतो. वही आमच्यापाशी राह्यतेच कुठं?"

"सुटीचा अर्ज दिला होता?"

"देला ना. शिक्का मारलेली पोच हाय घरी, डब्यात."

यास्मीनने फोटो मोठा केला. प्रत्येक ओळीचे अक्षर एक होते, शाई एक होती. आणि पानाच्या तळाशी, "तपासले" या शब्दापुढे, तिची स्वतःची सही होती. तिला तो शुक्रवार आठवला : अमरावतीच्या टेबलावर अकरा वह्यांचा गठ्ठा, अर्धा तास, अकरा सह्या. या रुळावर ती आज पहिल्यांदा उभी होती.

पोच आणि नत्थुजींना घेऊन ती अकोल्याला परतली. या वेळी वामनरावांनी चहा मागवला नाही.

"सोळा तारखेचा शेरा कुणी लिहिला?"

"कारकुनाची चूक असंल."

"आणि सात फोन?"

"फोन रोज शंभर येतात, मॅडम." त्यांनी तिच्या मोबाइलमधल्या फोटोच्या तळाशी बोट ठेवले. "पानावर तुमचीही सही आहे. मी सकाळीच म्हटलं होतं, खोलात जाऊ नका. तुमच्या भल्यासाठी म्हटलं होतं."

सकाळच्या त्या चहामागे काय होते, ते यास्मीनला आता कळले. नत्थुजींवरचा तिचा संशय त्यांनी जपून वाढवला होता, कारण तो तिथेच थांबला तर वामनराव आणि ती, दोघेही सुटत होते. घरी अम्मीला काय सांगायचे, हेही क्षणभर मनात आले.

तिने त्यांच्याच टेबलावर अहवालाचे शेवटचे पान काढले. वर शीर्षक होते : जबाबदार व्यक्ती. पहिल्या ओळीत तिने लिहिले : यास्मीन शेख, सुरक्षा तपासनीस, जागेवर न जाता सही केली. दुसऱ्या ओळीत वामनरावांचे नाव, सात फोन, सोळा तारीख आणि दिवाळीचा मेमो. तिसऱ्या ओळीत नत्थुजींनी स्वतः कबूल केले होते तेवढेच : झेंडी लावली नाही; कारणासाठी दुसरी ओळ पाहावी.

मग तिने वामनरावांच्या टेबलावरची नोंदवही उचलली आणि बाहेर बाकावर बसलेल्या नत्थुजींच्या हातात दिली.

"आजची ओळ तुम्ही लिहा. इथे नाही, रुळावर."

नत्थुजींनी आधी दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या वामनरावांकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"आन् तुमी सही कवा करसान?"

"चालून आल्यावर," ती म्हणाली, आणि जीपची किल्ली घेतली.