अडतीस नावं

"घड्याळ. कॅमेरा. चित्रकला. पत्ते. हवामान..." संगणकातला आवाज मेनूतलं एकेक नाव वाचत होता आणि हॉस्पिटलच्या टेलिफोन टेबलावर ऑपरेटरबाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. त्यांना हवी होती 'ड्यूटी यादी'. कोणते डॉक्टर कुठे आहेत ते त्यात असतं. ती होती एकतिसावी. मोजून बटण दाबावं, तर एक चुकलं की पत्ते उघडायचे. तेवढ्यात पलीकडच्या माणसानं फोन ठेवला.

बाईंना दिसत नाही. बावीस वर्षं त्या कानांवर हे टेबल चालवताहेत. सोमवारी नवे संगणक आले, ते मीच बसवले, आणि बाई दोन दिवसांत मंद ठरल्या. अधीक्षक म्हणाले, "शुक्रवारी बघतो. नाही जमलं तर चौकशीच्या बाकावर बसा. आरामाचं काम आहे." बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, नको ते सगळं उडवून टाकतो," मी म्हणालो.

"उडवू नकोस. दुपारच्या पाळीतल्या मुलीला लागतं त्यातलं. मला नको म्हणून तिचं कशाला घालवायचं? नुसतं लपवता येतं का?"

येत होतं. प्रत्येक प्रोग्रामची एक छोटी फाइल असते. ती आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यायची आणि खाली 'दाखवू नको' अशा अर्थाची एक ओळ लिहायची. नाव फक्त आपल्या लॉगिनच्या मेनूतून जातं, दुसऱ्याच्या नाही, आणि प्रोग्राम जागच्या जागी राहतो. मी खुर्ची ओढली.

"तू ऊठ," बाई म्हणाल्या. "एकदा सांग. पुढचं माझं मी करते."

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बाईंनी डबा उघडला नाही. एक फाइल, एक ओळ, असं अडतीस वेळा. एकदा चुकून ड्यूटी यादीच लपवली, तेव्हा स्वतःच हसल्या आणि स्वतःच परत आणली. मी आपला शेजारी हाताची घडी घालून बसलेला, आयुष्यात पहिल्यांदाच बिनकामाचा आणि खूश.

शुक्रवारी अधीक्षक मागे येऊन उभे राहिले. फोन वाजला. कुणाला तरी हाडांचे डॉक्टर तातडीनं हवे होते. बाईंची बोटं दोनदा हलली. "दुसरा मजला, प्लास्टरच्या खोलीत आहेत. जोडून देते."

अधीक्षक वाकून पडद्याकडे बघत राहिले. मेनूत चारच नावं होती. "बाकीचं कुठे गेलं?"

"आहे तिथंच आहे, साहेब. माझ्या वाटेत नाही, एवढंच."

ते जरा घुटमळले. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "माझ्या मशीनवर पण फार गर्दी झालीय हो. देता का करून?"

"मी नाही केलं," मी म्हणालो. हे सांगताना माझीच छाती फुगली होती. "त्यांना विचारा."

अधीक्षक बाईंकडे वळले. बाईंनी हेडफोन नीट केला.

"सोमवारी दुपारी बघते, साहेब. आत्ता ड्यूटीवर आहे." आणि त्यांनी पुढचा फोन घेतला.