विमानाच्या नाकावरची गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. पण कुणा माणसाच्या अंगावरची नव्हे, विमानाच्या नाकावरची. हसू नका. आमच्या अलास्कात हिवाळा असा पडतो की उकळता चहा हवेत फेकला तर जमिनीवर पोचायच्या आत त्याचा बर्फाचा भुगा होऊन जातो. अशा मुलखात विमानालाही पांघरूण लागतं.

मला शिवलं एफीने. युकॉन नदीकाठी वाढलेली बाई ती, सुईला पक्की. वरून तंबूचं जाड कापड, आतून लष्करातली दोन जुनी ब्लँकेटं आणि मध्ये रानहंसांची मऊ पिसं. पंख्याची पाती बाहेर काढायला दोन चिरा ठेवल्या आणि जमिनीपर्यंत लोळणारा घेर दिला. नवऱ्याचा कोट शिवायला तिला चार संध्याकाळी लागल्या होत्या, मला अकरा लागल्या. हे मी आजही अभिमानाने सांगते.

तिचा नवरा हॅल्वर वैमानिक होता. नॉर्वेहून आलेला, आधी स्कीवर, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्यांवर, चालायला शिकला आणि मग जमिनीवर, असं लोक म्हणत. त्याच्या लहानशा विमानालाही हिवाळ्यात चाकांऐवजी स्कीच असत. संध्याकाळी उतरला की तो आधी इंजिनातलं गरम तेल डब्यात काढून घेई आणि घरी शेगडीशेजारी नेऊन ठेवी, कारण रात्रभर इंजिनात राहिलं तर सकाळी ते डांबरासारखं घट्ट होई. मग विमानाच्या स्कीखाली लाकडं सरकवी, म्हणजे त्या बर्फाला चिकटत नसत. शेवटी मला विमानाच्या नाकावर घाली. एफी म्हणायची, "आमच्या घरात आधी तेल येतं, मग नवरा."

सकाळी माझ्या घेराखाली स्टोव्ह पेटवून हॅल्वर तासभर उकिडवा बसे आणि इंजिन शेकत राही. नियम एकच होता, जागचं हलायचं नाही. एकदाच तो कॉफीसाठी उठला आणि माझा कोपरा पेटला. एफीने बर्फ टाकून मला विझवलं आणि आपल्या लाल स्कर्टचं ठिगळ लावलं. नवऱ्याला ती काहीच बोलली नाही. ते लाल ठिगळच वर्षानुवर्षं त्याच्याशी बोलत राहिलं.

मित्रांनो, आता त्या दिवसाचं सांगते. हॅल्वर आणि एफीची मुलगी डोरा वरच्या गावात बाळंतपणाला अडली होती. बाळ आडवं होतं. एफी तिच्या उशाशी होती. बाळ फिरवू शकेल अशी एकच सुईण त्या टापूत होती, खालच्या गावची मॅटिल्डा आजी. ते एफीचं माहेर, म्हणून गावाच्या नात्याने हॅल्वर तिचा जावई. हॅल्वर तिला घेऊन निघाला तेव्हा थंडी शून्याखाली पंचेचाळीस अंश होती.

अर्ध्या वाटेवर नदीवर दाट धुकं लागलं. ते निवळेपर्यंत थांबावं म्हणून हॅल्वर एका गोठलेल्या तळ्यावर उतरला. इथेच तो चुकला. वरच्या हिमाच्या भाराने तळ्याचा बर्फ दबतो, फटींतून पाणी वर येतं आणि भुसभुशीत हिमाखाली लपून बसतं. विमानाच्या स्की त्यात रुतल्या आणि बघता बघता गोठून गेल्या. आता त्या कुऱ्हाडीने फोडून काढायच्या, काठावरची झाडं तोडून आणायची, विमान उचलून ती खाली सरकवायची. एकट्या माणसाचं हे तीन तासांचं काम, आणि उजेडही जेमतेम तेवढाच उरला होता.

हॅल्वरने दारातच स्वतःच्या स्की पायांत चढवल्या, मग सवयीप्रमाणे तेल काढलं आणि मला इंजिनावर घातलं. तेवढ्यात आजीने विमानाचं दार उघडलं.

"जावईबापू, ती गोधडी इकडे आणा."

"आजी, इंजिन गारठलं तर आपण दोघंही इथंच राहू."

"आणि हे हात गारठले तर तुमची पोर तिकडे राहील. गार हात लागला की पोट आवळून येतं, मग बाळ फिरत नाही. का इंजिनाने फिरवू त्याला?"

हॅल्वर मला इंजिनावरून काढू लागला. त्याच्या दाढीवर बर्फाचे मणी धरले होते.

आजी म्हणाली, "तो तेलाचा डबाही द्या. घरी त्याला शेगडीजवळ बसवता ना, आज मी मांडीवर बसवते."

खरं सांगू? इंजिनावरून उतरताना मला वाईट वाटलं. गार पडत चाललेल्या इंजिनाला मी कधी सोडलं नव्हतं. पण आजीने तो काळाकुट्ट डबा नातवासारखा कुशीत घेतला आणि मला दोघांभोवती लपेटलं. डब्याची ऊब तिला, तिची ऊब डब्याला, आणि दोघांची ऊब राखायचं काम माझ्यावर. त्या दिवशी मी पिसाएवढीही ऊब बाहेर जाऊ दिली नाही.

हॅल्वरने पाण्यात पाय टेकवलाच नाही. पायांतल्या स्की न काढता तो त्या लपलेल्या पाण्यावरून अलगद काठाला गेला. बूट भिजले असते तर पावलं गोठून गेली असती. झाडं ओढत तो परत येई आणि पुन्हा जाई. एकदा त्याने वेग वाढवला तशी आजीने काचेवर टकटक केली. "हळू, जावईबापू. घाम आला की अंगावरच गोठेल. पोरीला बाप पण लागतो."

उजेड कलला तेव्हा इंजिन दगडासारखं झालं होतं आणि स्टोव्हमध्ये एकदाच पुरेल एवढं इंधन होतं. हॅल्वरने मला पुन्हा विमानाच्या नाकावर घातलं. पण माझ्याखाली बसणार कोण? त्याला अजून एक स्की फोडायची होती.

आजी म्हणाली, "मी बसते."

"नाही. तिथे माझ्याशिवाय कुणी बसत नाही."

आजीने माझ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आणि तुम्ही बसलात तेव्हाचं हे ठिगळ ना?"

हॅल्वर कुऱ्हाड घेऊन स्कीकडे गेला.

आजी तेलाचा डबा घेऊन माझ्याखाली बसली, हात स्टोव्हवर धरून. धुराने तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती तसूभर हलली नाही. तासाभराने तेल ओतलं तर ते सरसर इंजिनात उतरलं. दुसऱ्या झटक्याला पंखा फिरला. आजीचा दम आणि माझी पिसं, दोन्ही त्या दिवशी खरी ठरली. धुकंही विरळ झालं होतं.

वरच्या गावात काय झालं ते मला पुढे एफीने सांगितलं, माझी उसवलेली शिवण घालताना. आजीने आल्याआल्या डोराच्या पोटावर हात ठेवला. डोरा दचकली नाही. डोळे मिटून एवढंच म्हणाली, "गरम आहेत." बाळ फिरलं आणि उजाडायच्या आत मुलगी झाली.

मित्रांनो, त्याला खूप वर्षं झाली. आता विमानांना वीज शेकते. हॅल्वर नाही, मॅटिल्डा आजीही नाही. मी एफीच्या कोठारात पडून असते आणि थंडीत कुत्र्याची पिल्लं माझ्यावर लोळतात. त्याचं मला दुःख नाही, पिल्लांनाही ऊब लागतेच. पण माझी एक शिवण पुन्हा उसवली आहे आणि त्यातून पिसं निघून जातात, तेवढं मनाला लागतं.

तुमच्या घरी एखादी जुनी गोधडी असेल तर तिला कधीतरी ऊन दाखवा. शिवण उसवलेली दिसली तर टाका घाला. पुढे कुणाचे हात गरम ठेवायचे आहेत, हे तिला आधी कुणी सांगून ठेवलेलं नसतं.