मागचंच रीडिंग

वारेकाकांचं आडनाव वारे नव्हतं. मैदानावरच्या लोकांनी ते त्यांना चिकटवलं आणि पुढे पाणी खात्यातही तेच रूढ झालं. आठवड्याचे सहा दिवस हा माणूस घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचायचा आणि सातव्या दिवशी, शर्यती असल्या तर, वारा मोजायचा. तेही फुकट, वर डबा घरचा.

आता वारा मोजायचा म्हणजे काय, हे आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. शंभर मीटर धावताना पाठीमागून वारा असला की तो माणसाला ढकलतो. थोडा चालतो, पण सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असला, तर तुम्ही विमानाला मागे टाका, विक्रम म्हणून ते कुणी धरत नाही. म्हणून धावपट्टीच्या कडेला तिपाईवर एक यंत्र असतं. पिस्तुलाचा धूर दिसला की बटण दाबायचं, यंत्र दहा सेकंद वारा मोजतं आणि लाल आकडा दाखवतं. तो आकडा पुढचं बटण दाबेपर्यंत तसाच राहतो. झालं, एवढंच काम. शेंबड्या पोरालाही जमेल असं.

पण काकांसाठी ते काम साधं नव्हतं. कारण गेली अकरा वर्षं त्या पट्टीवरून त्यांची मुलगी धावत होती. घरात तिला भिंगरी म्हणायचे, लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून, आणि आता देशातली सगळ्यात वेगवान बाई म्हणून तिचे फोटो छापून यायचे. काकांनी तिची एकही शर्यत पाहिली नव्हती. धूर पाहायचा, बटण दाबायचं आणि मान खाली घालून आकड्याकडे बघत बसायचं. "लेक समोरून धावत जाते आणि हे डबड्यात डोकं घालून बसतात," असं भिंगरीची आई मैदानावर सगळ्यांना सांगायची. काका म्हणायचे, मी तिच्याकडे बघत बसलो तर आकड्याकडे कोण बघणार?

माणूस होताच तसा. मीटर वाचणाऱ्यांत एक पाप सगळ्यात वाईट मानतात. घराला कुलूप असलं किंवा अंगणात कुत्रं मोकळं असलं, की काही महाभाग मीटरपर्यंत जातच नाहीत, मागचंच रीडिंग टाकून मोकळे होतात. बत्तीस वर्षांत काकांनी हे एकदाही केलं नव्हतं. दोनदा कुत्रं चावलं, ते परवडलं. वजनकाट्यावर उभं राहतानासुद्धा हे खिशातल्या किल्ल्या काढून ठेवायचे. त्यांच्या सहीचा कागद पाणी खात्यात कुणी पुन्हा तपासत नसे. घरात तर प्रश्नच नव्हता. बाबांनी सांगितलं म्हणजे ते तसंच आहे, हे भिंगरी चालायला शिकली तेव्हापासून शिकली होती.

तर, सीझनची पहिली शर्यत. भिंगरीचा आजवरचा आकडा अकरा सेकंद आणि बारा शतांश. अकराच्या आत देशातली एकही बाई कधी आली नव्हती. कुणी म्हणत, आपल्या हाडापेराला ते जमायचं नाही. कुणी म्हणत, माणसाच्या वेगाला कुठेतरी भिंत असणारच. भिंगरी सत्तावीस वर्षांची होती आणि तिचे सर तिला सरळ म्हणाले होते, "झालं तर या सीझनला, नाहीतर राहिलं." सर गोड बोलण्यासाठी प्रसिद्ध नव्हतेच.

आधीची शर्यत झाली. वारा एक पॉइंट चार. काकांनी चिठ्ठीवर लिहिलं, मुख्य पंचबाई येऊन घेऊन गेल्या. मग भिंगरीची शर्यत लागली. काका धुराकडे डोळे लावून बसले, अंगठा बटणावर. धूर निघाला. आणि त्या धुराच्या खालून ती अशी काही सुटली की काकांची नजर धुरावरून घसरून तिच्यावर गेली आणि तिथेच राहिली. ही आपली पोर आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. अकरा वर्षं हे आपल्यासमोरून जात होतं आणि आपण आकडे बघत होतो. ती त्यांच्यासमोरून गेली. पलीकडे रेघ ओलांडून गेली. प्रेक्षकांतून मोठा आवाज उठला, तेव्हा कुठे काकांनी खाली पाहिलं. अंगठा बटणावरच होता. बटण दाबलेलं नव्हतं. यंत्रावर मागच्या शर्यतीचा आकडा होता, एक पॉइंट चार.

पंचबाई धावतच आल्या. एरवी त्या शांत बाई, पण आज त्यांचा श्वास लागला होता. "काका, दहा शहाण्णव! दहा शहाण्णव आलीये ती. वारा सांगा, वारा." आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी स्वतःच वाकून आकडा वाचला. "एक पॉइंट चार. चालतोय, चालतोय." मग जराशा थांबल्या. "आधीच्या शर्यतीलाही तेवढाच होता ना?"

हीच ती वेळ होती. एवढं बोलायचं होतं की बाई, मी दाबलंच नाही. काकांनी तोंड उघडलंही. पण पलीकडे भिंगरी गुडघ्यांवर हात टेकून वेळेच्या पाटीकडे बघत होती, सर चक्क तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते, आणि काकांनी तोंड पुन्हा मिटलं.

"आज वारा शिस्तीत आहे म्हणायचा," पंचबाई हसून म्हणाल्या. चिठ्ठी त्यांनीच लिहिली. काकांनी फक्त सही केली.

त्या क्षणापासून काकांच्या आत काहीतरी बंद पडलं. भीती वाटावी, लाज वाटावी, निदान झोप उडावी, तर तसंही नाही. झोप लागायची. जेवायचे, पण काय जेवले ते आठवायचं नाही. लोक घरी येऊन पेढे खाऊन गेले, पाणी खात्याने सत्कार केला, साहेबांनी भाषणात काकांच्या डोळ्यांत पाणी आल्याचं सांगितलं. आलं नव्हतं. काका गळ्यात हार घालून बसले होते आणि समोरच्या खुर्च्या मोजत होते.

खरं काय होतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं, हे लक्षात घ्या. वारा दीडही असेल, तीनही असेल. काका झेंडे आठवून बघायचे, झाडं आठवून बघायचे. काहीच आठवायचं नाही. त्यांनी त्या दहा सेकंदांत फक्त मुलीला पाहिलं होतं.

यातही एक वेळ निभावलं असतं. पण भिंगरी दुसऱ्या शर्यतीत अकरा चौदा आली. तिसरीत अकरा अठरा. पेपरवाल्यांनी लिहिलं, दडपण. सरांनी सराव वाढवला. भिंगरीने त्यावर आणखी वाढवला. पहाटे उठून जायची, दुपारी पुन्हा जायची, घरी आली की त्या पहिल्या शर्यतीचं चित्रण लावून बसायची. मागेपुढे करून पुन्हा बघायची. "इथे हात वर जातोय का माझा?" आईला विचारायची. "टाच जरा उशिरा उचलतेय का?" आई बिचारी काय सांगणार. काका शेजारी पेपर धरून बसायचे, त्यांचं पान उलटायचं नाही.

चौथ्या शर्यतीत मांडीमागचा स्नायू ताणला गेला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पळायचं नाव काढायचं नाही, फाटला तर कायमची बसशील. भिंगरी म्हणाली, बरं. आणि तिसऱ्या दिवशी मांडीला पट्टा बांधून सरावाला गेली. सीझनची शेवटची शर्यत चार दिवसांवर आली होती.

"अहो, तुम्ही बोला तिच्याशी," आई म्हणाली. "तुमचं ऐकते ती. माझं बोलणं म्हणजे नुसती कटकट तिला." असं म्हणून ती कामावर निघून गेली.

भिंगरी स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, पाय दुसऱ्या स्टुलावर, मांडीखाली बर्फाची पिशवी. काकांनी ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, परत ठेवलं.

"शेवटची शर्यत पळू नकोस," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही नका ना सुरू करू. एकदा पळालेय मी अकराच्या आत. पाय तेच आहेत."

"त्या दिवशी मी बटण दाबलं नव्हतं."

"कुठलं बटण?"

"वाऱ्याचं. तुझ्याकडे बघत राहिलो. यंत्रावर होता तो आधीच्या शर्यतीचा आकडा. बाईंनी तो लिहून घेतला आणि मी गप्प बसलो. सही केली." काकांना आपला आवाज मीटरचे आकडे ओरडून सांगताना येतो तसाच सपाट येतोय हे कळत होतं. "तुझा दोष नाही काही. सराव कमी पडला नाही, काही नाही."

बर्फाचं पाणी स्टुलावरून खाली ठिबकत होतं.

"जास्त होता वारा," ती म्हणाली. "शेवटच्या तीस मीटरला पाठीवर लागत होता. मी रेघेपाशी थांबले ना, तेव्हा मनात पहिलं तेच आलं, की हे धरणार नाहीत."

"मग तू कुणाला बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते सरांना. मग संध्याकाळी निकालाचा कागद आला, त्यावर वाऱ्याच्या आकड्यापुढे तुमची सही होती." तिने खांदे उडवले. "म्हटलं, बाबांची सही आहे म्हणजे तेवढाच होता. मलाच चुकीचं वाटलं."

काकांनी ओट्याची कड धरली.

"तेव्हापासून मला माझं काहीच खरं वाटेनासं झालं," भिंगरी सांगत होती, रागाने नाही, डॉक्टरला सांगावं तसं. "चांगली पळाले असं वाटायचं आणि अकरा अठरा यायचं. पाय दुखायचा तर मनाशी म्हणायचे, हेही मला उगाच वाटत असेल. म्हणून पळत राहिले."

"मी आजच फेडरेशनला लिहून देतो. सगळं. अंगावर काय येईल ते येऊ दे."

"द्या," ती म्हणाली. "मग मी किती पळते, बाबा?"

"अकरा बारा. ते खरं आहे. त्या वेळी दाबलं होतं मी."

"ते माहितीये. त्या दिवशीचं विचारतेय. अकराच्या आत पळाले की नाही मी?"

आयुष्यभर लोकांना आकडे सांगत आलेल्या माणसाला इथे एकही आकडा सुचेना. "पळालीही असशील," ते म्हणाले. "वारा लागत होता म्हणतेस, पण तो एक आठही असेल. तेवढा चालतो. पण मी मोजला नाही ना. आता ते कुणालाच कळणार नाही, कधीच."

"म्हणजे पळाले असेन, तरी नाही."

"हो."

भिंगरीने मान डोलावली. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओतलं, मांडीवरचा पट्टा सोडून गुंडाळला आणि ओट्यावर ठेवला. "शेवटची नाही पळत मी," ती म्हणाली. मग लंगडत आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

काका कागद शोधायला उठले, पण दोन पावलांवर त्यांना खाली बसावं लागलं. त्या सहीनंतरच्या चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांना दुखत होतं, आणि ते एवढं दुखत होतं की दाराआड मुलगी रडतेय हे कळूनही त्यांना उठता आलं नाही.